तीन पराशय, तीन वस्तुमाने: रत्नागिरीच्या सड्यावरून अल्गोलचा हिशोब

निरीक्षण

रत्नागिरी तालुक्यातल्या एका गावाच्या वरच्या अंगाला जांभ्याचा उघडा सडा आहे. पावसाळ्यात तिथे गुडघाभर गवत असते. दिवाळी उलटली की ते वाळते, कापले जाते आणि कातळ मोकळा होतो. समुद्र तिथून फार लांब नाही, तरी पुळणीवर उभे राहून दिसते त्यापेक्षा आकाश बरेच स्वच्छ दिसते, कारण रात्री खारे वारे पडून मतलई सुरू झाली की समुद्रावरचा दमट थर मागे हटतो. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकणाऱ्या सहा विद्यार्थ्यांना घेऊन मी एका हिवाळ्यात तिथे अल्गोल या ताऱ्याची निरीक्षणे केली. निरीक्षणे साधी होती, दुर्बिणीशिवायची. त्यांतून जो प्रश्न निघाला तो मात्र साधा नव्हता, आणि हा लेख त्या प्रश्नाचा आहे: एकमेकांना खेटून फिरणाऱ्या आणि एकमेकांत वायू ओतणाऱ्या ताऱ्यांचे वस्तुमान अवकाशातून केलेल्या स्थितिमापनावरून, म्हणजे ताऱ्यांच्या आकाशातल्या जागांच्या मोजमापावरून, किती खात्रीने सांगता येते?

अल्गोल हा ययाती तारकासमूहातला तारा; भारतीय नावांत त्याला मायावती म्हणतात. डिसेंबरच्या उत्तरार्धात रात्री नऊच्या सुमारास तो आपल्या अक्षांशावरून उत्तरेला, क्षितिजापासून सुमारे ६६ अंशांवर असतो. एरवी तो २.१ प्रतीचा असतो (प्रत हे तेजाचे माप; आकडा जितका मोठा तितका तारा मंद), पण दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी तो मंदावत जाऊन ३.४ प्रतीपर्यंत उतरतो आणि पुन्हा पूर्ववत होतो. उतरणे आणि चढणे मिळून सुमारे दहा तास लागतात. १७८३ साली जॉन गुडरिक या अठरा वर्षांच्या बहिऱ्या इंग्रज तरुणाने हा आवर्तकाळ ठरवला आणि एखादा मोठा अंधारा सोबती ताऱ्यासमोरून जात असावा, अशी शक्यता रॉयल सोसायटीपुढे मांडली. पुढे शंभरावर वर्षांनी, १८८९ मध्ये, पॉट्सडॅम येथे हेर्मान फोगेल यांनी वर्णपटातल्या रेषांच्या सरकण्यावरून सोबत्याचे अस्तित्व सिद्ध केले.

आज आपल्याला तिथे तीन तारे माहीत आहेत. त्यांना मी अ, ब आणि क म्हणेन. अ हा तप्त, निळसर पांढरा आणि सर्वांत तेजस्वी. ब हा फुगलेला, थंड, नारिंगी तारा. तो अ-भोवती २.८७ दिवसांत फिरतो आणि ग्रहण घडवतो. क या दोघांच्या जोडीभोवती सुमारे ६८० दिवसांत एक फेरी घेतो. यांपैकी ब इतका फुगला आहे की त्याने आपली रोश मर्यादा, म्हणजे ज्या पृष्ठापलीकडचा वायू त्याच्या ताब्यात राहू शकत नाही ते पृष्ठ, पूर्ण भरून टाकले आहे. त्याचा वायू अ-वर ओसंडतो आहे. परस्परक्रियाशील जोडतारा म्हणतात तो हाच, आणि या वर्गातल्या ताऱ्यांना अल्गोलचेच नाव पडले आहे.

निरीक्षणाची रीत जुनीच होती. दर पंधरा मिनिटांनी अल्गोलची तुलना शेजारच्या ठरावीक ताऱ्यांशी करायची आणि अंदाजे प्रत लिहायची. वरच्या टोकाला देवयानीतला अलमाक (२.१), मधे ययातीतला एप्सिलॉन (२.९) आणि तळाला त्रिकोणातला आल्फा (३.४) असे आम्ही ठरवले होते. पहिल्या दोन रात्रींचा आलेख तरीही वेडावाकडा आला. चौकशी केल्यावर कळले की दोघांनी तळाच्या तुलनेसाठी ययातीतला रो घेतला होता, कारण तो अल्गोलच्या अगदी शेजारी आहे आणि मान वळवावी लागत नाही. रो हा स्वतःच रूपविकारी तारा आहे. त्याची प्रत ३.३ ते ४.० अशी फिरते. हलत्या तराजूत मापे घालण्याचा हा प्रकार पुढे वेगळ्या रूपाने पुन्हा भेटणार होता.

दुसरी गोष्ट वेळेच्या दुरुस्तीची. पंचांगवजा कोष्टकांत अल्गोलच्या किमान तेजाच्या वेळा सूर्यावरून पाहिल्यासारख्या दिलेल्या असतात. नोव्हेंबरच्या मध्याला पृथ्वी आपल्या कक्षेत अल्गोलच्या बाजूला असते, त्यामुळे ग्रहणाचा प्रकाश आपल्यापर्यंत सुमारे साडेसात मिनिटे आधी पोहोचतो. मे महिन्यात तेवढाच उशिरा पोहोचला असता, पण तेव्हा अल्गोल सूर्याच्या दिशेला असतो. आमच्या डोळ्यांनी ठरवलेल्या क्षणांत दहा-बारा मिनिटांची चूक होती, तरीही ही दुरुस्ती मी सर्वांकडून करून घेतली. पृथ्वीच्या कक्षेचा आकार आपल्या निरीक्षणात कसा शिरतो हे त्यातून अंगवळणी पडते, आणि पुढचा सगळा हिशोब त्याच कक्षेवर उभा आहे.

वजनाचा प्रश्न

ताऱ्याचे वस्तुमान थेट मोजता येत नाही. दोन तारे एकमेकांभोवती फिरत असतील तरच केप्लरचा तिसरा नियम वापरून ते काढता येते: कक्षेचा अर्धदीर्घ अक्ष (लंबगोलाच्या लांब व्यासाचा अर्धा भाग) खगोलीय एककांत, म्हणजे पृथ्वी ते सूर्य या सरासरी अंतराच्या पटीत, घेऊन त्याचा घन करायचा, आवर्तकाळ वर्षांत घेऊन त्याचा वर्ग करायचा, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचे, उत्तर सूर्याच्या वस्तुमानाच्या पटीत येते. आवर्तकाळ घड्याळ आणि धीर असला की मिळतो. खरी अडचण अक्षाची आहे. दुर्बिणीतून कक्षा कोनात दिसते, किलोमीटरांत दिसत नाही, आणि कोनाचे अंतरात रूपांतर करायला ताऱ्याचे आपल्यापासूनचे अंतर लागते. ते अंतर पराशयातून येते, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याची जागा आकाशात जेवढी डोलते त्या कोनातून.

हिशोब त्यामुळे एका ओळीत बसतो. कक्षेचा कोन भागिले पराशयाचा कोन, म्हणजे अक्ष खगोलीय एककांत. क-ची कक्षा कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवरच्या चारा या व्यतिकरणमापकाने, म्हणजे सहा दुर्बिणींचा प्रकाश एकत्र आणून बारीक कोन मोजणाऱ्या यंत्रणेने, नीट आखलेली आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात तिचा अर्धदीर्घ अक्ष ९३.४३ मिलिआर्कसेकंद आणि आवर्तकाळ ६७९.८५ दिवस, म्हणजे १.८६१ वर्षे, असा आहे. मिलिआर्कसेकंद म्हणजे विकलेचा हजारावा भाग, आणि विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग. तो किती लहान, हे विद्यार्थ्यांना सांगताना मी रत्नागिरी ते मालवण हे सुमारे शंभर किलोमीटरांचे सरळ अंतर घेतो. मालवणात ठेवलेली अर्ध्या मिलिमीटरची वस्तू रत्नागिरीतून एक मिलिआर्कसेकंद दिसेल. या मापाने क-ची कक्षा म्हणजे मालवणातला एक लहानसा रायवळ आंबा, अल्गोलचा पराशय म्हणजे एक बारीक सुपारी, आणि अ व ब यांच्यातले २.१५ मिलिआर्कसेकंदांचे अंतर म्हणजे तांदळाच्या दाण्याची अर्धी जाडी.

पराशयासाठी विद्यार्थ्यांनी हिप्पार्कोस या युरोपीय उपग्रहाचे आकडे काढले, आणि इथे प्रकरणाला सुरुवात झाली. १९९७ च्या मूळ सूचीत अल्गोलचा पराशय ३५.१४ मिलिआर्कसेकंद आहे, संभाव्य चुकीची मर्यादा दोन्ही बाजूंना ०.९०. त्याच उपग्रहाच्या त्याच नोंदींवर नव्याने प्रक्रिया करून २००७ मध्ये दिलेला आकडा ३६.२७ आहे, मर्यादा १.४०. पहिल्याने ९३.४३ ला भागले की २.६५९ खगोलीय एकके येतात, त्यांचा घन १८.८०, त्याला १.८६१ च्या वर्गाने, म्हणजे ३.४६५ ने भागले की ५.४३ सूर्य. दुसऱ्याने भागले की २.५७६, घन १७.०९ आणि उत्तर ४.९३ सूर्य. एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, उपग्रह तोच, तारा तोच, मग अर्धा सूर्य गेला कुठे?"

त्यात तिसऱ्या आकड्याची भर पडली. चाराच्या कामात वर्णपटांवरून मिळालेले वेग जोडून तिन्ही ताऱ्यांची वस्तुमाने स्वतंत्रपणे दिली आहेत: अ ३.१७, ब ०.७० आणि क १.७६, एकूण ५.६३ सूर्य. या बेरजेला पटणारा पराशय ३४.७ मिलिआर्कसेकंद आहे. तो अवकाशातून मोजलेला नाही, हिशोब उलट्या दिशेने चालवून मिळालेला आहे, म्हणून तो या बेरजेशी जुळतो यात नवल मानण्याचे कारण नाही. २०१५ साली वर्णपटांच्या अधिक बारकाईच्या अभ्यासातून ३.३९, ०.७७ आणि १.५८ अशी वस्तुमाने आली; त्यांची बेरीज ५.७४ होते.

घनाचा तडाखा

पहिली प्रतिक्रिया अशी होती की उपग्रहाचे काहीतरी चुकले. तसे म्हणण्याआधी चूक किती पसरते ते पाहायला हवे होते, आणि फळ्यावर ते करताना वर्गाचा सूर बदलला. पराशय घनाच्या पोटात बसला आहे, त्यामुळे पराशयातली प्रत्येक टक्क्याची चूक वस्तुमानात तिपटीने उतरते. १९९७ च्या आकड्यात चुकीची मर्यादा सुमारे २.६ टक्के आहे, म्हणजे वस्तुमानात ७.७ टक्के, आणि उत्तर ५.४३ च्या दोन्ही बाजूंना ०.४२ असे वाचावे लागते. २००७ च्या आकड्यात ती ३.९ टक्के आहे, म्हणजे वस्तुमानात ११.६ टक्के, आणि उत्तर ४.९३ च्या दोन्ही बाजूंना ०.५७ असे होते. या मर्यादांसह पाहिले तर ५.६३ हा आकडा पहिल्या उत्तराच्या आतच आहे आणि दुसऱ्याच्या मर्यादेच्या थोडासा बाहेर, मर्यादेच्या सव्वापटीएवढ्या अंतरावर. एवढ्या फरकाला विरोध म्हणता येत नाही. अर्धा सूर्य हरवलेला नव्हता. तो आपल्याला कधी ठामपणे माहीतच नव्हता.

मला स्वतःला खटकले ते वेगळेच. नव्या प्रक्रियेने बहुतेक तेजस्वी ताऱ्यांच्या पराशयांतली चूक लक्षणीय घटवली, अल्गोलच्या बाबतीत मात्र ती वाढली. माझे मत असे की असा तारा हाताळताना गणिताचा दोष शोधण्याआधी ताऱ्याचा स्वभाव पाहावा. ज्या बिंदूची जागा उपग्रह मोजतो तो बिंदू म्हणजे नेमके काय, हा प्रश्न अल्गोलसारख्या ताऱ्याला विचारलाच पाहिजे.

उपग्रह काय मोजतो

जमिनीवरून पाहिले तर वातावरण ताऱ्याची प्रतिमा एक-दोन विकलांपर्यंत पसरवते. आपल्या किनाऱ्यावर, जमीन आणि समुद्र यांचे तापमान रात्रभर सावकाश बदलत असताना, हा थरथराट डोळ्यांनाही दिसतो. एक विकला म्हणजे हजार मिलिआर्कसेकंद. त्यातून पस्तीसाचे डोलणे काढायचे म्हणजे वर्षानुवर्षांची सरासरी लागते. हिप्पार्कोस ८ ऑगस्ट १९८९ ला सुटला. त्याला भूस्थिर कक्षेत नेणारी मोटार पेटली नाही आणि तो लांबोळक्या कक्षेत अडकला, तरी १९९३ पर्यंत त्याने काम केले आणि १,१८,२१८ ताऱ्यांची सूची दिली. त्याचे मर्म वातावरणाबाहेर असण्याएवढेच त्याच्या रचनेत होते: ५८ अंशांनी वेगळ्या असलेल्या आकाशाच्या दोन दिशा एकाच नाभीवर आणून तो त्यांतल्या ताऱ्यांमधले मोठे कोन मोजत असे. दूरच्या दोन दिशांतले तारे एकाच वेळी वेगवेगळ्या प्रमाणात डोलतात, त्यामुळे सगळ्या आकाशाची जुळवणी एकदम केली की प्रत्येक ताऱ्याचा निरपेक्ष पराशय मिळतो.

पण अल्गोलचे तीन तारे हिप्पार्कोसला तीन ठिपक्यांसारखे दिसले नाहीत. त्याला एक प्रकाशबिंदू दिसला, आणि त्याची जागा म्हणजे तिघांच्या एकत्र प्रकाशाचे केंद्र. फिरतात ते मात्र वस्तुमानकेंद्राभोवती. रात्री खाडीत दोन होड्या एका दोराने बांधून एकमेकींभोवती फिरत आहेत आणि दोघींवर कंदील आहेत, असे समजा. लांबून दोन्ही कंदील मिळून एकच उजेड दिसेल, आणि त्या उजेडाचे केंद्र मोठ्या वातीच्या कंदिलाकडे झुकलेले असेल. होड्या मात्र जड होडीच्या जवळच्या बिंदूभोवती फिरतील. उजेडाची फेरी किती मोठी दिसेल हे वजनाचा वाटा आणि उजेडाचा वाटा यांच्या वजाबाकीवर ठरते.

अल्गोलसाठी ही वजाबाकी करून पाहू. क-चा वस्तुमानातला वाटा १.७६ भागिले ५.६३, म्हणजे ०.३१. त्याचा प्रकाशातला वाटा हिशोबापुरता दहावा हिस्सा धरू. मग प्रकाशकेंद्राची फेरी ९३.४३ गुणिले ०.२१, म्हणजे सुमारे २० मिलिआर्कसेकंदांची. ती पराशयाच्या डोलण्याच्या निम्म्याहून मोठी आहे, आणि तिचा आवर्तकाळ ६८० दिवसांचा. हिप्पार्कोसच्या साडेतीन वर्षांहून कमी निरीक्षणकाळात तिच्या दोन फेऱ्याही पुऱ्या झाल्या नाहीत. वार्षिक डोलणे आणि ही फेरी एकमेकांपासून सोडवल्याशिवाय पराशय मिळत नाही. वर्ष आणि ६८० दिवस हे काळ पुरेसे वेगळे असल्यामुळे ते सोडवता येतात, पण त्याची किंमत अनिश्चिततेत मोजावी लागते. उलटी वाट धरली, म्हणजे प्रकाशकेंद्राच्या फेरीवरून क-चे वस्तुमान काढायला गेलो, तर प्रकाशाच्या वाट्याची चूक थेट अंगावर येते. तो वाटा दहाव्या हिश्शाऐवजी विसावा असेल तर क-चा वस्तुमानातला वाटा ०.०५ ने बदलतो, आणि ५.६३ च्या बेरजेत ते ०.२८ सूर्याएवढे भरते.

ग्रहण या हिशोबात आणखी एक गाठ मारते. किमान तेजाच्या वेळी एकूण प्रकाश एरवीच्या सुमारे ३१ टक्क्यांवर येतो, पण क-चा प्रकाश तेवढाच राहतो, त्यामुळे त्याचा वाटा एक दशांशावरून सुमारे ०.३२ वर जातो. प्रकाशकेंद्र तेवढ्यापुरते क-कडे सरकते. आपण धरलेल्या आकड्यांनी तर ग्रहणाच्या मध्यावर ते वस्तुमानकेंद्रावरच येऊन बसते, म्हणजे वीस मिलिआर्कसेकंदांची झेप पाच तासांत जाते आणि पुढच्या पाच तासांत परत येते. ग्रहण दर ६९ तासांतले दहा तास चालत असल्यामुळे उपग्रहाने अल्गोलकडे पाहिलेल्या दर सात वेळांपैकी सरासरी एक वेळ ग्रहणातली असणार. कोणती, हे वेळापत्रकावरून कळते. ते विचारात न घेता सर्व नोंदी सारख्या मानल्या तर रो-शी तुलना करणाऱ्या आमच्या दोन विद्यार्थ्यांचीच चूक मोठ्या प्रमाणावर होते. तेजबदलामुळे हललेल्या अशा ताऱ्यांसाठी हिप्पार्कोसच्या सूचीत एक स्वतंत्र वर्गच ठेवावा लागला.

यावर एक आक्षेप वर्गात आला आणि तो योग्य होता: अ आणि ब यांच्यातल्या वायूच्या प्रवाहाचे काय? त्याचा प्रकाशकेंद्रावर परिणाम होत नाही का? होतो, पण या पातळीवर नगण्य. आतल्या जोडीत अ आणि ब यांची अंतरेच २.१५ मिलिआर्कसेकंदांची आहेत. ब-चा वस्तुमानातला वाटा ०.१८ आणि प्रकाशातला काही टक्के, म्हणून आतल्या फेरीत प्रकाशकेंद्र जेमतेम ०.३ मिलिआर्कसेकंद हलते. हिप्पार्कोसला ते दिसणे शक्य नव्हते. आतल्या जोडीची वस्तुमाने त्यामुळे वर्णपट आणि ग्रहणाचा आकार यांतूनच येतात, अवकाशातल्या स्थितिमापनातून येत नाहीत. इथे एक गमतीशीर पडताळा मात्र करता येतो, आणि विद्यार्थ्यांनी तो स्वतः केला. २.१५ भागिले ३४.७ म्हणजे ०.०६२ खगोलीय एकक, सुमारे ९३ लाख किलोमीटर. त्याचा घन २.८६७ दिवसांच्या (वर्षांत मांडलेल्या) वर्गाने भागला की ३.८६ सूर्य, आणि ३.१७ अधिक ०.७० बरोबर ३.८७.

वस्तुमान कशासाठी हवे

एवढा खटाटोप करण्याचे कारण ब हा तारा आहे. जड तारा लवकर म्हातारा होतो, हा ताऱ्यांच्या जीवनक्रमाचा पायाभूत नियम आहे. इथे ०.७० सूर्याचा ब फुगून उतारवयाला लागला आहे आणि ३.१७ सूर्याचा अ अजून तरुण आहे; दोघे एकत्रच जन्मले असणार, मग हे कसे? विसाव्या शतकाच्या मध्यात याला अल्गोलचा विरोधाभास म्हणत. उत्तर असे की ब मुळात जड होता, तो आधी फुगला, आणि त्याने आपले बहुतेक वस्तुमान अ-वर ओतले. आतल्या जोडीचे एकूण ३.८७ सूर्य टिकून राहिले असे धरले तर ब-चे मूळ वस्तुमान त्याच्या निम्म्याहून, म्हणजे १.९४ हून जास्त असले पाहिजे. २०१५ ची वस्तुमाने घेतली तर हीच किमान मर्यादा २.०८ वर जाते. काही वायू जोडीबाहेर निसटला असेल तर ती आणखी वर सरकते. वस्तुमानातली काही टक्क्यांची चूक ताऱ्याच्या सगळ्या पूर्वेतिहासात शिरते ती अशी.

अधिक चांगला उपग्रह होता, तरी

विद्यार्थ्यांचा पुढचा प्रश्न स्वाभाविक होता. २०१३ साली सुटलेल्या आणि जानेवारी २०२५ पर्यंत निरीक्षणे करणाऱ्या गाया उपग्रहाची अचूकता हिप्पार्कोसच्या कितीतरी पट आहे. मग त्याचा पराशय का घेऊ नये? कारण गाया सुमारे तिसऱ्या प्रतीपेक्षा मंद ताऱ्यांसाठी बांधलेला होता. अल्गोल त्याच्यासाठी फार तेजस्वी आहे. सड्यावर उभे राहून नुसत्या डोळ्यांनी दिसणारा तारा जगातल्या सर्वांत अचूक स्थितिमापकाच्या आवाक्याबाहेर असावा, हे मुलांना पटायला वेळ लागला.

गायाला जे साधते ते कुठे साधते, हे पाहण्यासारखे आहे. २०२२ मध्ये जाहीर झालेले गाया बीएच-१ हे कृष्णविवर सुमारे १,५६० प्रकाशवर्षांवर आहे. सूर्यासारखा एक तारा त्याच्याभोवती १८५.६ दिवसांत फिरतो आणि त्याच्या डोलण्यावरून विवराचे वस्तुमान सुमारे ९.६ सूर्य निघाले. तिथे जोडीदाराचा प्रकाश शून्य, ग्रहण नाही, वायूची देवाणघेवाण नाही. वजाबाकीतला उजेडाचा वाटाच गायब. जोडी जितकी अलिप्त तितका हिशोब निर्मळ. अल्गोलसारख्या खेटलेल्या जोड्या दहापट लांब नेऊन ठेवल्या तर आतल्या फेरीतले प्रकाशकेंद्राचे डोलणे ०.०३ मिलिआर्कसेकंदांवर येते, आणि तिथे गायाचाही हात अवघडतो. अशा जोड्यांच्या बाबतीत त्याचे खरे देणे म्हणजे अंतर.

आणि अंतराने काय बदलते याचे उत्तम उदाहरण हंस तारकासमूहातला एसएस सिग्नी हा तारा. श्वेतबटू, म्हणजे इंधन संपून आकसलेला दाट तारा, आणि त्याच्यावर वायू ओतणारा लहान तारा अशी ही साडेसहा तासांत फिरणारी जोडी. हबल दुर्बिणीच्या मार्गदर्शक संवेदकांनी १९९९ मध्ये तिचे अंतर १६६ पार्सेक ठरवले (एक पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षे). तेवढ्या अंतरावरून तिचे तेज पाहता वायूच्या प्रवाहाचा प्रचलित सिद्धांत अडचणीत येत होता. २०१३ मध्ये रेडिओ दुर्बिणींच्या दूरदूर पसरलेल्या जाळ्याने ते ११४ पार्सेक ठरवले, आणि पुढे गायाने त्याला दुजोरा दिला. तेज अंतराच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणून खरे तेज एकदम निम्म्याहून खाली आले आणि सिद्धांत वाचला. हबल वातावरणाबाहेरच होता. तरी त्याचे मोजमाप त्याच लहानशा चौकटीतल्या शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून केलेले होते. आपले कोळी समुद्रात ठरलेली जागा शोधताना किनाऱ्यावरचे देऊळ आणि मागच्या डोंगराचे टोक एका ओळीत आणतात. डोंगर पुरेसा लांब असेल तर खूण चोख. तो स्वतःच जवळ असेल तर होडीबरोबर तोही सरकतो आणि किती सरकला याचा अंदाज बांधावा लागतो. हिप्पार्कोस आणि गाया यांचे मोठे कोन नेमके हे परावलंबन टाळण्यासाठी असतात. जाता जाता सांगायला हवे की २०१३ च्या त्या रेडिओ मोजमापासाठी तारा कधी उफाळला, म्हणजे एकाएकी तेजस्वी झाला, हे कळवण्याचे काम हौशी निरीक्षकांनी केले होते, कारण उफाळल्याशिवाय तो रेडिओत दिसत नाही.

तिसरी मोजपट्टी

अल्गोलच्या बाबतीत आम्ही कोणता आकडा स्वीकारला? मी वर्गात असे मांडले की इथे हिप्पार्कोसचा पराशय वस्तुमानाचा उगम म्हणून न घेता साक्षीदार म्हणून घ्यावा: ५.६३ किंवा ५.७४ हे वर्णपटांच्या वेगांवर उभे असलेले आकडे त्याच्या मर्यादेत किंवा मर्यादेच्या काठावर बसतात, एवढेच त्याच्याकडून घ्यावे. यावर सगळे सहमत झाले नाहीत. एका विद्यार्थ्याचे म्हणणे असे की वेगांतही अ-च्या भोवतालच्या वायूमुळे चूक शिरते, मग एका गढूळ मापाला दुसऱ्या गढूळ मापाने का तपासायचे? त्याचे म्हणणे मला नाकारता आले नाही, आणि त्यामुळेच आम्ही कोन आणि वेग या दोहोंवर न टेकणाऱ्या तिसऱ्या मोजपट्टीकडे वळलो.

अ आणि ब ही जोडी स्वतःच क-सह असलेल्या वस्तुमानकेंद्राभोवती फिरते. तिच्या या कक्षेचा अर्धदीर्घ अक्ष २.६९ गुणिले ०.३१, म्हणजे सुमारे ०.८४ खगोलीय एकक. जोडी आपल्यापासून दूरच्या टोकाला असेल तेव्हा ग्रहणाचा प्रकाश सुमारे सात मिनिटे उशिरा येतो, जवळच्या टोकाला असेल तेव्हा तेवढाच लवकर. हा उशीर प्रकाशवेगाने गुणला की अंतर थेट किलोमीटरांत मिळते. पराशय लागत नाही. आमच्या एकेका वेळेची चूक बारा मिनिटांपर्यंत असल्याने एका ग्रहणातून हे दिसणार नाही. नऊ ग्रहणांची सरासरी घेतली तर ती चूक चार मिनिटांवर येते. सलग किमान तेजाच्या वेळा दर तिसऱ्या रात्री सुमारे तीन तास अकरा मिनिटांनी अलीकडे सरकतात, त्यामुळे महिन्यातल्या दहा-अकरा ग्रहणांपैकी तीनच्या आसपास सोयीच्या वेळी सापडतात, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी मिळून नऊ होतात.

शिवाय आकड्यांनी इथे आम्हाला एक सवलत दिली आहे. ६८० दिवसांची अर्धी फेरी ३४० दिवसांची, म्हणजे वर्षाहून थोडी कमी. एका हिवाळ्यात जोडी कक्षेच्या ज्या बाजूला असेल, पुढच्या हिवाळ्यात ती जवळजवळ समोरच्या बाजूला असते, आणि त्याच्या पुढच्या हिवाळ्यात पुन्हा पहिल्या जागेजवळ. सुरुवात योग्य टोकापाशी झाली तर लागोपाठच्या दोन हिवाळ्यांत तेरा-चौदा मिनिटांचा फरक पडायला हवा. पहिल्या हिवाळ्याच्या नोंदी, रो-वाल्या दोन रात्री वगळून, वहीत उतरवून ठेवल्या आहेत. दुसऱ्या हिवाळ्याच्या रकान्यात तूर्त फक्त कोष्टकातल्या वेळा लिहिल्या आहेत.